मी सरदारणीला नावं ठेवली

...आणि वर ताई मलाच म्हणते, "सुरुवात तूच केलीस!" मी? अहो, मी कसली सुरुवात करतोय! खाली मान घालून सोफ्याला कापड ठोकणारा माणूस मी! तुम्हाला सांगतो, आयुष्यात कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पन्नाशी उलटली तरी लग्नाचं नाव काढलं नाही. का? तर नसती भानगड नको! खाली दुकान, वर घर, घरात थोरली बहीण. ती दिवसभर मला बोलते, मी दिवसभर गिऱ्हाइकांना बोलतो, असं सगळं कसं सुरळीत चाललेलं... आणि त्यात ही चार हातांची बाई! माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

आता मी बोलतो, हे खरं आहे. तोंडाला फाटक नाही माझ्या. पण ते कामाचं बोलणं हो! कुणी खुर्ची घेऊन आलं की मी ती पालथी घालतो, खालचं कापड टरकावतो आणि मग माझं सुरू होतं, "ही स्प्रिंग कुणी बसवली? हा फोम आहे की शिळा पाव? आणि तुम्ही बसता कसे हो, खुर्चीत बसता की खुर्चीवर पडता?" लोक ऐकून घेतात. कारण नंतर खुर्ची हातात मिळते ना, तेव्हा माझं बोलणं विसरतात. आजवर कुणी मनाला लावून घेतलं नाही. कुणी म्हणजे कुणी नाही!

तर ते परग्रहावरच्या लढवय्यांचं जहाज आभाळातून गावाबाहेरच्या मैदानावर उतरलं. आधी सगळ्यांची पाचावर धारण बसली. आमची ताई तर लाटणं घेऊन जिन्यात उभी! मग कळलं, लढायला नाही आले, लढाई संपवून आलेत. जहाजाची डागडुजी करायची, चार दिवस पाय मोकळे करायचे आणि निघायचं. हळूहळू बाजारात हिंडायला लागले. उंची अशी की दारं पुरायची नाहीत, हात चार, आवाज ढोलासारखा... पण वागायला इतके गरीब की विचारू नका. आपली भाषा तर चुटकीसरशी शिकले.

एका दुपारी काय झालं, दुकानात एकदम अंधार. बघतो तर दारात ही उभी! अख्ख्या तुकडीची सरदारीण हं, साधीसुधी नव्हे. वाकून आत आली, तरी डोक्याने ट्यूबलाइट फोडलीच. आणि धाडकन टेबलावर ठेवली तिच्या रणगाड्यातली खुर्ची. आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी बोललो! "बाई, डोळे कुठे असतात तुमचे? ती ट्यूब गेली की हो माझी! आणि ही खुर्ची... ही शिवण कुणी घातली?"

"मी."

"तुम्ही? चार हात असून ही शिवण? आणि डावीकडे रेलून बसता वाटतं? सगळा फोम एकाच बाजूला मेलाय! पाठ मोडेल एक दिवस, मग लढा झोपून!"

बाई माझ्याकडे बघतेय, बघतेय... आणि चेहरा हळूहळू निळा! गळ्यापासून कानापर्यंत, शाई सांडल्यासारखा. म्हटलं, मेली का काय ही इथेच? पाणी दिलं. ती पाणी न पिता खाली बसली, जमिनीवर, मांडी घालून आणि म्हणाली, "अजून बोला."

आता बोला म्हटल्यावर मी काय थांबतोय?

दुसऱ्या दिवशी परत हजर! स्टूल घेऊन. मग बाकडं. मग एक ढाल आणली, म्हणे हिला गादी लावा. ढालीला गादी? "बाई, शत्रूला टेकायला देता का?" तर ही हसली. ते हसणं! शोकेसची काच हलली. मी म्हटलं, "हे काय हसणं आहे की पत्र्यावर दगड पडतायत?" झालं, निळी! आणि त्या स्टुलाचं तर ऐकाच. पालथं घालून बघतो, तर पाय ताजा मोडलेला. "हा तुम्ही मुद्दाम मोडलाय!" "हो." "का?" तर पुन्हा निळी! आणि मी? मला ओ का ठो कळेना. मी आपला तिच्या चालण्यापासून तलवारीच्या म्यानापर्यंत सगळ्याला नावं ठेवत बसलो, रोज, दुकानाचं दार उघडं, रस्त्यावरचे लोक ऐकतायत... माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

तर एका सकाळी तिची आई आली. एक डोळा गेलेला, छातीवर पदकंच पदकं, मागे अर्धी तुकडी. जिना चढताना जिना रडत होता. वर आली आणि ताईसमोर भाला आडवा ठेवून म्हणाली, "तुमच्या भावानं माझ्या मुलीला नावं ठेवली. चारचौघांत. रोज."

ताई म्हणाली, "अहो, तोंडच तसलं आहे त्याचं, मी माफी मागते..."

"माफी कसली? लग्न कधी करायचं ते बोला."

अहो, माझ्या हातातला कप गेला! मग म्हातारीनं समजावलं. त्यांच्याकडे म्हणे शत्रूची स्तुती करतात. लढाईआधी समोर उभं राहून सांगायचं, वा, काय तुमची छाती, काय तुमची तलवार! कारण ज्याला मारायचंच आहे, त्याला 'तुझ्या ढालीचा पट्टा सैल आहे' हे सांगून करायचं काय? पट्टा सैल आहे हे माणूस कुणाला सांगतो? जो संध्याकाळी परत यायला हवा, त्याला! "तुमच्या भावानं," म्हातारीनं उरलेला डोळा पुसला, "तिच्या पाठीची काळजी केली. आजवर सगळं जग तिची स्तुतीच करत आलंय."

मी ताईकडे बघितलं. म्हटलं रक्ताचं नातं आहे, वाचवेल. ताई म्हणाली, "आजच घेऊन जाता का?"

आता यातून सुटायचं कसं? मी सभ्य माणूस. माझ्या वयाला हे शोभतं का, लोक काय म्हणतील, हाच विचार डोक्यात. म्हटलं गोड बोलून नकार देऊ. संध्याकाळी ती आली, मी उभा राहिलो, हात जोडले, "बाईसाहेब, तुम्ही शूर, तुम्ही देखण्या, तुमच्यासारखी कर्तबगार बाई मी पाहिली नाही, मी कुठे आणि तुम्ही कुठे..."

तिचा चेहरा राखेसारखा झाला. हळूच विचारलं, "कधी? आणि कुठे?"

"काय कधी?"

"लढाई."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला! अहो, मी समजावायला तोंड उघडणार, तर तिनं कमरेची तलवार काढून माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाली, "तुमच्यावर मला हात उचलता येणार नाही. मी हरले. सकाळी जहाज निघतंय." आणि गेली. दारातून जाताना नीट वाकून गेली हो, कशालाही धक्का न लावता.

सकाळी दुकान उघडलं. एक खुर्ची पालथी घातली, तोंड उघडलं... आणि बोलावंसंच वाटेना. समोर गिऱ्हाईक उभं, मी गप्प. तो बिचारा घाबरला, "काका, बरं नाही का?" नव्हतंच बरं. मला ती हवी होती. सांगून टाकतो, लाजायचं काय त्यात? इतकी वर्षं मी बोलत होतो, सगळे ऐकून घेत होते, पण 'अजून बोला' कुणी म्हटलं होतं? वरून ताई ओरडली, "गाढवा, बसलायस काय? जा की!" आणि स्वतःच चपला घालून माझ्याआधी निघाली.

मैदानावर पोचलो तर जहाज धूर सोडतंय. सगळी तुकडी रांगेत. ही सगळ्यांत पुढे, पाठ ताठ. मी धापा टाकत म्हातारीला सगळं सांगितलं, की ती स्तुती नव्हती हो, तो आमच्याकडचा नकार होता, आणि तो नकारही मला परत घ्यायचाय! म्हातारी म्हणाली, "मग आत्ता नावं ठेव. सगळ्यांसमोर. पण खरं हवं. खोटं काढलंस तर जहाज थांबणार नाही."

मी तिच्याकडे बघितलं. आणि तुम्हाला सांगतो... काही सुचेना! मला! जन्मभर ज्याने दुसरं काही केलं नाही, त्याला! चालणं बघितलं, छान होतं. शिवण आठवली, मायेनं घातलेली वाटली. तेवढ्यात ती कसनुशी हसली, आणि त्या हसण्यातसुद्धा नाव ठेवायला जागा सापडेना. जहाजाचं दार बंद व्हायला लागलं, ताई मागून ढोसतेय, "बोल रे, बोल मेल्या!" आणि माझ्या तोंडून निघालं, "फार उशीर केलात हो तुम्ही! केस पिकले माझे! इतकी वर्षं होतात कुठे?"

सगळ्या तुकडीनं माना तिच्याकडे वळवल्या. आणि ती... अशी निळी, अशी निळी, की बोटांची टोकंसुद्धा निळी! चारही हातांची!

लग्न तिथंच लागलं. लोकांचे दोनाचे चार हात होतात, आमचे दोनाचे सहा झाले. विधी म्हणाल तर एकच, आता नवरीनं उत्तर द्यायचं. ती उभी राहिली आणि माझ्या खोडी सांगायला लागली. सकाळची सुरुवात, ऊन डोक्यावर आलं, तुकडी खाली बसली, काहींनी डुलक्या काढल्या, ही आपली सुरूच! इतकं बघून ठेवलं होतं तिनं मला. तेवढ्यात ताई उठली, हात वर केला. मला भरून आलं, म्हटलं शेवटी बहीण ती बहीण, भावाची बाजू घेणार! ताई म्हणाली, "थांब गं जरा... घोरण्याचं राहिलं."

म्हातारीनं ताईला अशी मिठी मारली की ताईचे पाय जमिनीवरून उचलले गेले. म्हणाली, "किती जीव आहे हो तुमचा भावावर!" मग जहाज गेलं, ही आमच्याकडेच राहिली, आणि तेव्हापासून ताई आणि ही, दोघी एकीकडे. सकाळी चहाबरोबर सुरू होतात, एक थकली की दुसरी. माझं काय चुकलं हे आता कुणाला विचारावंच लागत नाही. जीव लावतात हो, नाही कशाला म्हणू? पण मला मेल्याला तोंड उघडायला मिळत नाही... म्हणून तर इथं तुमच्यापुढे येऊन बोलतोय. घरी मला कुणी बोलू देतंय होय?