‘इतर’वर केलेली खूण

हं, आणा तो कागद. कुठे सही करायची? थांबा – हे काय आहे? लॅपटॉप परत करण्याचं कारण – राजीनामा, बदली, काम संपलं, इतर – आणि तुम्ही ‘इतर’वर खूण करून आणलीत? ऑफिसातूनच? माझा सख्खा भाऊ गेलाय, साकेत साहेब, आज नववा दिवस आहे, आणि तुमच्याकडे तो ‘इतर’? शी! सुशांतदादाला किती चीड होती त्या ‘इतर’ची, माहितेय? माहीत असणारच, त्याचे टीम लीडर ना तुम्ही. मी नववी नापास, मानपाड्याला एमआयडीसीत टेम्पो चालवतो, पण दादाचं काम मला पाठ आहे – कॉम्प्युटरच्या आत दुसरा खोटा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर, जगभरातून त्याच्या तक्रारी येणार, आणि दादा एकेक वाचून वेगळी करणार. ही नेटवर्कची, ही स्क्रीन काळी पडते ती, ही आधीच आलेली – डुप्लिकेट, बंद. ‘इतर’मध्ये तो काही म्हणजे काही टाकायचा नाही. म्हणायचा, बारक्या, ते आळशी माणसाचं कपाट आहे, आत टाकलेलं परत कुणी काढत नाही.

नाही, बसा. पाणी नको? नकोच. त्याने तुम्हाला मेसेज केलेला – छातीत दुखतंय, उद्या सुट्टी हवी – मी वाचलाय तो. तुम्ही काय पाठवलंत? अंगठा. आणि खाली, आजची लिस्ट मात्र संपव. किळस येते मला तुमची. त्या गळ्यातल्या कंपनीच्या आयकार्डाच्या पट्ट्याचीसुद्धा. घरूनच काम करत होता त्या दिवशी, साठ तक्रारी वाचल्या त्याने, कुठल्या कुठल्या परक्या माणसांच्या, आणि त्याची एक कुणी वाचली नाही –

काय? मी कुठे होतो? घरातच. इथेच, या पलंगावर, मोबाइलवर गेम खेळत. मला म्हणाला की तो, तुमच्याही आधी मलाच म्हणाला – बारक्या, परत दुखतंय रे. आणि मी – आमचा खेळ होता साहेब, तो तक्रार वाचायचा, मी ओरडायचो कुठल्या रकान्यात ते – मी मान पण वर नाही केली. म्हटलं, कालचीच आहे. डुप्लिकेट. बंद कर. हसला तो. हसला आणि परत टाइप करायला लागला. सात वाजता त्याच खुर्चीत मान टाकली. टेम्पो खाली उभा होता. किल्ली माझ्या खिशात होती.

बघू नका असं. द्या पेन. झाली सही – खूण तुमचीच राहू दे, मी काय लिहिणार तिथे. चार्जर पिशवीत आहे. उचला. आणि दारात ‘येतो’ म्हणू नका – सुतकाच्या घरातून तसं म्हणत नाहीत. निघायचं फक्त.