दोन डब्यांच्या गाडीचा तिसरा डबा

बसा रे. तो टॉर्च विझव आधी, निवृत्ती, डोळ्यांत मारतोयस माझ्या.

वाघोद्याला कबड्डीचे सामने बघायला निघालात म्हणे. गाडी चुकली म्हणून रुळारुळाने जाणार म्हणे. जा की! मी कोण अडवणारी? पण आधी ऐका. ऐकून झाल्यावरही जावंसं वाटलं, तर खुशाल जा, मी उंबऱ्यापर्यंत सोडायला येईन.

ऐका. असाच एक माणूस दिवस मावळल्यावर चिंचखेडहून निघाला. असाच, रुळारुळाने. मुरलीधर ठोसरे त्याचं नाव. वाघोद्याच्या पेठेत कापडाचं दुकान, अंगावर कायम इस्त्रीचा सदरा. संध्याकाळची गाडी त्याच्या डोळ्यांसमोर सुटली. सडकेने जायचं तर डोंगराला वळसा. रूळ सरळ जातो. म्हणाला, रोजची वाट, तिला काय भ्यायचं?

भ्यायला हवं होतं त्याने. दुसऱ्या कुणी नाही, तरी त्याने त्या वाटेला भ्यायला हवं होतं. का, ते सांगते.

आपली गाडी तुम्ही जन्मल्यापासून बघताय. एक इंजिन, दोन डबे. बाहेरगावचे पाहुणे हसतात. विचारतात, बाकीची गाडी मागून येतेय का? हसू द्या. ती चालते आहे, रोज चालते आहे. आणि तिच्या वाटेवरच्या फाटकांना चौकीवाले नाहीत, हेही तुम्हाला माहीत आहे. फाटकवाला गाडीतच बसून येतो. फाटक आलं की गाडी थांबते. तो उतरतो, फाटक लावतो. गाडी पलीकडे जाऊन थांबते. तो फाटक उघडतो, पळत येतो, मागच्या डब्याला धरतो आणि पत्र्यावर तळहाताने दोन थापा मारतो. धप्, धप्. म्हणजे, चढलो, हाका. मग गार्ड दिवा दाखवतो आणि गाडी सुटते.

त्या दोन थापा शेनफडच्या असायच्या. शेनफड माझा पाठचा भाऊ. तुमच्यातल्या कुणी पाहिला नसेल. उंच, किडकिडीत, चालत्या गाडीत शेळी चढवून द्यायचा लोकांना. शिंगं धरून नाही, पोटाखाली हात घालून. म्हातारी बाई फलाटावरून धापा टाकत येताना दिसली की हा पायरीवर उभा राहायचा आणि थाप मारायचाच नाही. आतून लोक ओरडायचे, "शेनफड, मार ना रे थाप!" हा म्हणायचा, "हात दुखतोय, काका."

एका रात्री भट्टीच्या फाटकाला गाडी थांबली. शेनफड उतरला. फाटक लावलं, गाडी पलीकडे गेली. फाटक उघडताना साखळी अडकली. थोडा वेळ लागला. जरासाच. मागच्या डब्यात, दाराशी, मुरलीधर ठोसरे बसला होता. सासुरवाडीला निघालेला, मांडीवर जिलबीचा पुडा. म्हणाला, "काय हा खोळंबा! जिलबी गार होतेय माझी."

आणि खिडकीतून हात बाहेर काढला. आणि पत्र्यावर मारल्या दोन थापा. धप्, धप्.

लोक हसले! ऐकताय ना? हसले. गंमत वाटली त्यांना. गार्डने दिवा दाखवला. गाडी सुटली.

पुढचं फाटक मारुतीचं. गाडी थांबली, पण खाली कुणी उतरेना. गार्डने येऊन विचारलं, "शेनफड कुठाय?" मुरलीधर म्हणाला, "झोपला असेल हो पुढच्या डब्यात. चला तुम्ही, उशीर होतोय." अरे, दोन डबे! पुढच्या डब्यात डोकावायला कितीसा वेळ लागतो? पण गार्डनेच फाटक लावलं, गार्डनेच उघडलं, आणि गेले सगळे. भरली होती गाडी. बायका होत्या, बाप्ये होते, दोन शिक्षक होते. एकाने म्हणायचं होतं, माणूस खाली आहे. एवढंच. माणूस खाली आहे. एकाच्याही तोंडून निघालं नाही.

शेनफड गाडीमागे पळाला. भट्टीच्या फाटकापुढे पूल आहे, त्याच्यावर कठडा नाही. नुसते स्लीपर आणि मधून खाली दिसणारे नाल्यातले दगड. अंधारात पाय स्लीपरच्या मधल्या फटीत गेला. सकाळी गुराख्यांना सापडला. डॉक्टर म्हणाले, रात्रभर जिवंत असावा.

पाणी दे गं सुमन. नाही, रडत नाही मी. घसा सुकलाय.

चौकशीला साहेब आले. थाप कुणी मारली? कुणाला ठाऊक नाही. कुणी पाहिलं नाही. मैलभर लांब गाडी असती तर मानलं असतं मी. दोन डब्यांत शिंक दिली तर दोन्ही डब्यांना कळतं! मला सांगितलं ते एका कांदे विकणाऱ्या बाईने, तेही कित्येक महिन्यांनी, माझ्या कानाशी लागून. "आक्का, मी पाहिलं होतं. पण माझी पोर त्यांच्या दुकानात कामाला आहे."

असो. तर मुरलीधर निघाला.

अंधार पडलेला. पुढे लांब रुळावर एक लाल दिवा. त्याला वाटलं, रेल्वेचं कुणीतरी असेल, सोबत होईल. हा भरभर चालला, दिवाही भरभर चालला. हा थांबला, दिवाही थांबला. "अहो दिवेवाले!" हाक मारली याने. मग वास आला. कसला? ताज्या जिलबीचा! तुपात तळलेल्या, पाकात सोडलेल्या. ओसाड माळावर, रे. ना घर, ना चूल. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याच घोटाबरोबर त्याला आठवलं. सगळं आठवलं.

मागे वळावं तर रूळ दिसेना. मागे नुसता काळोख, भिंतीसारखा. रूळ होता तो फक्त पुढे.

काय म्हणालास भिका? प्यायला असेल? नव्हता प्यायला. प्यायला असता तर बरं झालं असतं, विसरला असता.

आंब्याच्या फाटकाशी आला. दिवा तिथे टांगलेला, धरायला कुणी नाही. आणि कानाशी आवाज, अगदी साधा, रोजचा: "दादा, फाटक लावता का जरा? गाडी येतेय."

याचे हात हलले. आपोआप! फाटक लावलं. आणि गाडी आली. चाकांचा आवाज नाही, इंजिनाची धडधड नाही. समोरून सरकत गेली. इंजिन. एक डबा. दुसरा डबा. आणि त्याच्यामागे तिसरा!

तिसरा डबा काळा. आत दिवा नाही, खिडकीत माणूस नाही.

पहिल्या दोन डब्यांत मात्र सगळी ओळखीची माणसं. पुड्यातून जिलबी काढून खाताहेत, बोटं चाटताहेत. गाडी पलीकडे थांबली. मुरलीधरने फाटक उघडलं आणि पळाला. अहो, आता चढायचं, नाहीतर या माळावर राहायचं! दुसऱ्या डब्याच्या दांडीला हात पोचणार, तेवढ्यात दाराजवळच्या खिडकीतून एक हात बाहेर आला. इस्त्रीच्या सदऱ्याची बाही. बोटात याचीच अंगठी.

धप्, धप्.

खिडकीत त्याचाच चेहरा. हसत होता.

गाडी सुटली. आणि याचे पाय थांबेनात. पळतोय, पळतोय. वहाणा गेल्या, खडी तळव्यांत घुसतेय. पुढे भट्टीचं फाटक. गाडी उभी. "दादा, फाटक लावता का जरा?" लावलं. उघडताना साखळी अडकली. बोटं सोलून निघाली त्याची. ओरडला, "थांबा! आलो! थांबा हो!" आतले हसले. "जिलबी गार होतेय!" कुणीतरी म्हणालं. आणि हा ओरडतोय तोवरच, धप्, धप्.

पुढे काय आहे, सांगा बरं? पूल.

त्याला कळत होतं पूल आहे. पायांना कळत नव्हतं. एक स्लीपर, दुसरा स्लीपर, आणि पाय गेला फटीत! काखेपर्यंत खाली. दोन्ही कोपरं स्लीपरवर, बाकी देह अधांतरी. खाली दगड. ज्या दगडांवर... ते असू दे.

तेव्हा तो ओरडला. जन्मात ओरडला नसेल असा. "माणूस खाली आहे! अहो, माणूस खाली आहे!"

तेव्हा सुचलं. स्वतःचा देह लटकल्यावर सुचलं!

गाडी थांबली. आणि मागे आली. हळूहळू, तिसरा डबा बरोबर त्याच्या पुढ्यात येऊन थांबला. मागचं काळं दार उघडं. दारातून एक हात पुढे आला, लांब, किडकिडीत. आवाज आला, "चढा दादा. मी धरतो."

हात अगदी तोंडाशी. धरला की सुटका. पण मुरलीधरने धरला नाही. मला म्हणाला, त्या हातातून गार वारा येत होता, नाल्यातून येतो तसा. त्याने डोळे मिटले, स्लीपरला मिठी मारली आणि तसाच राहिला. हात किती वेळ तिथे होता, त्याला माहीत नाही.

उजाडलं. आणि खरी गाडी आली, आपली, दोन डब्यांची. पुलावर हा लटकलेला, आणि गाडी धडधडत समोरून! पण सकाळच्या उजेडात ड्रायव्हरने पाहिलं, ब्रेक मारला. इंजिन हातभर अलीकडे थांबलं. दोन्ही डबे रिकामे झाले. "अरे, माणूस पडलाय! धरा! हळू!" धोतरं सोडून बांधली त्याला, वर ओढला, पाणी पाजलं, बाकावर निजवला. नव्या फाटकवाल्याने सगळे चढेपर्यंत थाप मारली नाही.

त्याच्यासाठी थांबली गाडी. तीच गाडी. त्यातली निम्मी माणसंसुद्धा तीच. आली ना तोंडं त्यांना? आले ना हात? मग माझ्या शेनफडच्या वेळी कुठे होते?

चार दिवसांनी मुरलीधर या अंगणात आला. पायांना फडकी बांधलेली. इथेच, भिका बसलाय तिथे बसला आणि सगळं सांगितलं. थापेचंही. मग पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले. लोक म्हणतात, आक्का, आता तो प्रत्येक फाटकाला खिडकीत उभा राहून ओरडतो, माणूस खाली आहे, माणूस खाली आहे. आता तरी माफ कर. नाही. ओरडू दे त्याला. मरेपर्यंत ओरडू दे.

मी त्याला एकच विचारलं. तो हात तुला ओढायला आला होता की वाचवायला?

म्हणाला, "आक्का, नाही कळलं."

मला कळलं. मी शेनफडला वाढवलाय. तो वाचवायलाच आला असणार, मेला! ज्याने मारलं त्यालाच आधार द्यायला. भूत होऊनसुद्धा त्याला धड सूड घेता आला नाही. या गोष्टीचा मला जितका राग येतो, तितका त्या जिलबीवाल्याचाही येत नाही.

म्हणून सांगते, रात्री ती वाट धरू नका. तुमच्यातल्या कुणाचा पाय सरकला, तर तो येईल. हात देईल. चढा म्हणेल, आणि अगदी मनापासून म्हणेल. पण त्या तिसऱ्या डब्यात चढलेला माणूस कुठल्याच स्टेशनावर उतरत नाही, हे त्या वेड्याला अजून कळलेलं नाही.

ठेवलास टॉर्च? शहाणा आहेस. सकाळच्या गाडीने जा सगळे. आणि फाटकाला माणूस खाली उतरला, की तो परत चढेपर्यंत त्याच्यावरून डोळे काढू नका. दोनच डबे आहेत. नजर पुरते.