नग क्रमांक चौदा आणि पंधरा

पुरवणी जबाब. नाव व पत्ता मूळ जबाबात लिहिल्याप्रमाणे. वय ७४ वर्षे. धंदा: पूर्वी पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितशोधक, आता काही नाही. राहणार धाकट्या मुलीकडे, तिसरा मजला.

मी आज दि. २० रोजी सकाळी साडेदहा वाजता आपणहून ठाण्यात हजर राहून सांगतो की, दि. १७ रोजी मी येथे चोरीची तक्रार दिली होती व माझे मित्र घड्याळजी यांच्यावर संशय घेतला होता. तो संशय मी मागे घेत आहे. कसे ते खाली सांगतो.

सार्वजनिक वाचनालयातून हल्ली पुस्तकांसारख्या शिकण्याच्या पेट्याही घरी नेता येतात. गेल्या महिन्याच्या २६ तारखेला, बुधवारी, मी ‘घर बोलके करा’ नावाची पेटी तीन आठवड्यांसाठी माझ्या कार्डावर घेतली. तिच्यात सत्तावीस नग असतात. झाकणाच्या आत यादी चिकटवलेली आहे. नेताना व परत करताना ग्रंथपाल बाईंसमोर एकेक नग मोजून सही करावी लागते. मला हा रिवाज आवडतो. छापखान्यातही आम्ही पाने अशीच मोजून घेत असू.

घड्याळजी रोज दुपारी माझ्याकडे येऊन बसत. माझी बोटे थरथरतात, म्हणून तारा ते जोडत आणि पुस्तिका मी वाचत असे. ते म्हणत, “शुद्धलेखन, तू नुसता वाच. जिथे अडशील तिथे मी चिमटा लावतो.” चाळीस वर्षे ते मला याच नावाने हाक मारतात. बारीक स्क्रू शर्टाच्या खिशात टाकायची त्यांना सवय आहे. ही सवय मी मूळ जबाबात सांगितली होती.

दि. ३० रोजी, रविवारी, जेवणाच्या टेबलावर मी मुलीला नग क्रमांक चौदा व पंधरा दाखवले. चौदा म्हणजे दाराचा सेन्सर व पंधरा म्हणजे त्याचा लोहचुंबक. एक चौकटीला लावायचा, एक दाराला. दोन्ही दूर झाले की दार उघडले असे मोबाईलवर कळते. चौथीच्या पुस्तकात घराची एक कविता होती, तिच्यात दार पाहुण्याची वाट पाहत असे, ते मी तिला म्हणून दाखवले. (हवालदारसाहेब म्हणाले, “आजोबा, कविता नको, वेळ सांगा.” वेळ रात्री पावणेआठ.) मुलीने विचारले, “बाबा, ऑफिसात बसूनही दिसतं का? तारीख-वेळ राहते?” मी म्हणालो, “राहते तर! पाहिजे तितके दिवस.” तिने मला दोनदा करून दाखवायला लावले. पुष्कळ वर्षांत तिने मला काही शिकवायला सांगितले नव्हते. त्या रात्री मला छान झोप लागली.

दि. १७ रोजी सकाळी पेटी परत करण्यापूर्वी मी घरी नग मोजले. पंचवीस भरले. मुलगी डबा भरत होती. ती म्हणाली, “घड्याळवाल्या काकांना विचारलंत? त्यांच्या खिशात काय काय सापडतं.” असे म्हणून ती कामाला गेली. वाचनालयात ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “काका, मला वाईट वाटतंय, पण नियम आहे. चोरी म्हणत असाल तर पोलिसांचा कागद आणा, नाहीतर कार्ड बंद होईल.” माझे कार्ड एकतीस वर्षांचे आहे. मी तसाच इथे आलो आणि घड्याळजींचे नाव सांगितले.

दि. १८ रोजी हवालदारांनी त्यांचे दुकान पाहिले. गिऱ्हाइके उभी असताना खण काढले, खिसे उलटे केले. काही मिळाले नाही. त्यानंतर साडेपाच वाजता ते आमच्या घरी पंचनाम्याला आले. दारातच थांबून म्हणाले, “आजोबा, हे वर काय आहे?” चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात नग चौदा होता, दाराला पंधरा. आयुष्यभर खाली बघून काम केल्याने माझी मान वर होत नाही. सतरा दिवस मी त्याखालून येत-जात होतो.

मुलगी घरीच होती. तिने सांगितले की, तिने ते दि. १ रोजी लावले. वृद्धांच्या एका संस्थेत माझ्यासाठी अर्ज केला आहे, तिथे मी एकटा भटकतो याची नोंद मागतात. मागे एकदा मी छापखान्याच्या जुन्या जागी जाऊन बसलो होतो. तिथे आता गाड्यांचे दुकान आहे. परतीची बस चुकली, एवढेच. ती म्हणाली, “तिथे बाग आहे, बाबा. वाचायला पुस्तकंही आहेत.” मी पेट्या मिळतात का विचारले. तिला माहीत नव्हते.

मी विचारले, मग आदल्या दिवशी सकाळी काकांचे नाव का घेतलेस? ती म्हणाली, “मला काय माहीत तुम्ही पोलिसात जाल. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत विसराल.”

काल मी घड्याळजींच्या दुकानात गेलो. त्यांनी डोळ्यावरचे भिंग काढले नाही. म्हणाले, “घड्याळ असेल तर दाखवा. नसेल तर मागच्या गिऱ्हाइकाला जागा द्या.” मागे कोणी नव्हते.

अर्जाला जोडलेली दाराच्या नोंदींची यादी मी वाचली. तिच्यात एक चूक आहे, ती येथे नोंदवून घ्यावी. गुरुवार दि. ४ रोजी दुपारी चार ते साडेसहा या वेळेत दार अकरा वेळा उघडले आहे. त्यापुढे मुलीने ‘अकरा वेळा बाहेर गेले’ असे लिहिले आहे. मी बाहेर गेलो नव्हतो. सेन्सरला दार कळते, माणूस कळत नाही. हे तिला शिकवायचे माझ्याकडून राहिले. त्या दिवशी ती लवकर येऊन पेटी बघणार होती. मी ती आली का म्हणून जिना पाहत होतो.

दोन्ही नग हवालदारांनी ताब्यात घेतले आहेत, ते वाचनालयास द्यावेत. घड्याळजींविषयीचे माझे पहिले म्हणणे खोडावे. मुलीविरुद्ध माझी तक्रार नाही.

हा कागद हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, मग मी चष्मा लावून स्वतः वाचला. अकरा वेळांची ओळ कामाची नाही, काढू का, असे त्यांनी विचारले. मी राहू द्या म्हणालो. बाकी सर्व मी बोललो तसेच आहे व खरे आहे, म्हणून खाली सही करतो.