तिघींचा गॅस

...अहो नाही, गॅस नाहीये हा! बसते, स्टुलावर बसते, पण तुम्ही चादरींच्या घड्या करत ऐका, नाहीतर तो मुकादम येऊन माझ्याच नावाने शंख करायचा. तुम्हाला सांगते, आमच्या घरात बाईच्या पोटात दुखलं रे दुखलं, की सगळे एका सुरात... ‘गॅस असेल!’

पहिली आमची नात. एवढीशी पोर, पाळीचा अजून पत्ता नाही. शाळेतून आली ती वाकूनच, उजवी कूस धरून. म्हणाली, ‘आजी, आत कुणीतरी फडकं पिळतंय.’ आणि भडभडा ओकली. जावई मोबाइलमधून मान वर न करता, ‘गॅस असेल!’ मी शहाणी, गरम पाण्याची पिशवी दिली आणि कामावर आले. तर आपल्या लाँड्रीतल्या या कोपऱ्यातल्या मशीनमधून चादर निघाली ती नुसता दोरखंड, इतकी पिळलेली, आणि तिच्या पोटात कुणाचा तरी टॉवेल! मी स्वतः कपडे वेगळे करते, टॉवेल कुठून आला?

घरी गेले तर पोर पांढरीफटक. तशीच उचलून दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘अंडाशय स्वतःभोवती फिरलंय, रक्त बंद झालंय.’ मी म्हटलं, अहो, एवढ्या पोरीला? ‘कुठल्याही वयात फिरतं, आजी.’ आपण चादर सोडवतो ना, ओढायची नाही, उलटी फिरवायची, तस्संच केलं त्यांनी ऑपरेशनमध्ये. जांभळं पडलं होतं, हळूहळू रंग आला. वाचलं!

मग धाकटी लेक. पोटुशी, परगावी. तिच्या सासूबाई फोनवर, ‘पहिलटकरणीला होतोच हो, गॅस असेल!’ आणि मागून लेक कण्हत म्हणते, ‘आई, फडकं पिळतंय गं...’ तेच शब्द! तिला कुणी सांगितले होते? मग फोन, ‘थांबलं हो दुखायचं!’ तिकडे सगळे खूश, आणि इकडे हे मशीन आपोआप बंद. दार उघडलं... दोरखंड. आत टॉवेल. हसू नका! मी तसाच परत फोन लावला. मी ओरडले, आत्ताच्या आत्ता न्या तिला! नेलं, पण उशीर झाला. अंडाशयावर गाठ होती, तिच्या वजनाने फिरलं. बाळ वाचलं, अंडाशय काळं पडलेलं, काढलं. डॉक्टर म्हणाले, ‘दुखणं थांबलं म्हणजे पीळ सुटला असं नसतं.’

आता म्हणाल, तुमचं काय? माझं पाळीचं दुकान तर कधीच बंद झालं! डॉक्टरीणबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, ‘तुमच्या वयातही गाठ होते, तपासून घ्या.’ घेतलं? छे! दुसऱ्यांवर ओरडायला मी पुढे, स्वतःची वेळ आली की चादरी कोण धुणार! आणि आज सकाळपासून... उजवीकडे... अगदी फडकं पिळल्यासारखं...

थांबा.

थांबलं की! एकदम थांबलं. हलकं वाटतंय बाई...

ऐकलंत? मशीनपण थांबलं.

मला भीती वाटतेय हो. दार उघडू नका... उघडलंत? बघा आत. आहे ना टॉवेल?

आहेच! टाका त्या चादरी, बायांनो! गाडी बोलवा! काय पुटपुटलात, ‘गॅस असेल’? असेल बाई, असेल... चला, त्याचंच ऑपरेशन करून येते.