या घरात कोण कोण राहतं?

(गुरुवार, संध्याकाळचे साडेसहा. लुइस्टन गावातल्या वाचनालयाचं तळघर. भाडेकरूंना लागणाऱ्या इंग्रजीचा वर्ग सुटला आहे. मागे राहिलेत तिघे : शिकवणारी रिझिकी, हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करणारा विलोंजा आणि म्हातारे आसुकुलु. तिघेही काँगोतले, तिघांचीही मधली वर्षं टांझानियातल्या निर्वासितांच्या छावणीत गेलेली. आसुकुलुंच्या दाराला आज स्वस्त भाड्याची घरं देणाऱ्या ऑफिसची नोटीस लागली : उद्या सकाळी दहाला घराची तपासणी.)

रिझिकी : पुन्हा. मी ऑफिसातली बाई. दार वाजवलं, टक टक.

आसुकुलु : या, या. बसा. घरचे कसे आहेत? आईची तब्येत बरी ना?

रिझिकी : इंग्रजी छान, बाबा. पण तिच्या आईला मध्ये आणू नका. "नमस्कार. तुमचं ओळखपत्र दाखवता का?" एवढंच.

आसुकुलु : दारात उभ्या बाईला आधी ओळखपत्र विचारू? माझी आई थडग्यातून उठून येईल.

विलोंजा : येऊ दे की! तेवढंच एक माणूस वाढेल. उद्या तुमच्याकडे माणसांचीच तर टंचाई आहे.

रिझिकी : विलोंजा, तू थांबलायस तो बाबांना गाडीतून सोडायला. मदत होत नसेल तर खुर्च्या लाव.

विलोंजा : मदतच करतोय, ताई. वातावरण हलकं करतोय.

रिझिकी : पुढे, बाबा. मी विचारते : घरात काही मोडलंय, गळतंय, उंदीर आहेत?

आसुकुलु : "मधल्या खोलीची खिडकी नीट बसत नाही. वारा आत येतो. मी हिवाळ्यात फोन केला होता. कोणी आलं नाही. कृपया हे लिहून घ्या."

रिझिकी : वा! वर्गात इतकं स्वच्छ कुणी म्हणत नाही.

विलोंजा : माझ्याकडे का बघतेस?

रिझिकी : आता शेवटचा प्रश्न. "या घरात कोण कोण राहतं?"

आसुकुलु : "मी, आसुकुलु. माझी बायको, ब्याओंबे. माझी मोठी मुलगी, मौवा. माझी धाकटी मुलगी, सीफा."

रिझिकी : बाबा.

आसुकुलु : करारात हेच आहे.

रिझिकी : करारात आहे, कारण सही करताना तुम्ही तसं सांगितलंत. तेव्हा मी बरोबर नव्हते. काकू आणि मुली अजून छावणीत आहेत. चार माणसं म्हणून तुम्हाला तीन खोल्यांचं घर मिळालं. आता कुणीतरी ऑफिसात सांगितलं, त्या घरात एकाच माणसाचा दिवा दिसतो. म्हणून उद्याची तपासणी.

आसुकुलु : नाव सांगितलं नाही की नाव जातं. तू छावणीत लहान होतीस, तरी एवढं तुला ठाऊक असायला हवं. मोजणीच्या दिवशी जो सांगायचा राहिला, तो कार्डावरून गेला. कार्डावरून गेला की पीठ गेलं, दवाखाना गेला, परदेशाच्या यादीतला नंबर गेला. माझा पुतण्या त्या दिवशी लाकडं आणायला गेला होता. पुढची मोजणी येईपर्यंत तो कुणाचाच नव्हता. आमच्या शेजारी बसून जेवायचा आणि कुणाचाच नव्हता.

विलोंजा : आणि मी उलटा! मी एकाच मोजणीत तीन घरांचा मुलगा. पहिल्या झोपडीत शिक्का पडला की मागच्या बाजूने पळायचं, शर्ट बदलायचा, दुसऱ्या झोपडीत रडत बसायचं. तिसऱ्या घरी माझा बाप कोण होता सांगू? हे बसलेत ते.

आसुकुलु : चांगला मुलगा होता. जेवला मात्र अगदी सख्ख्यासारखा.

विलोंजा : म्हणून म्हणतो, ताई, ऐक. उद्या साडेनऊला माझी बायको आणि दोन्ही पोरी बाबांच्या घरी. बायको सोंबेची भाजी ढवळत उभी. पोरी वह्या उघडून बसलेल्या. बाईने काही विचारलं की बायको नुसती हसेल. तिला इंग्रजी येत नाही म्हणून मी रोज चिडतो, उद्या तेच कामाला येईल.

रिझिकी : तुझ्या बायकोचं वय काय आणि बाबांचं काय?

विलोंजा : बाई लिहील, म्हातारा नशीबवान आहे.

रिझिकी : बाई लिहील, ही विलोंजाची बायको. तुझं घरसुद्धा त्याच मालकाचं आहे. तुझ्या करारावर तिचा फोटो आहे, पोरींची नावं आहेत. उद्या दोन्ही घरांना एकच कुलूप लागेल. खिडकीसाठी मालकाला मुदत मिळते, खोट्या माणसांसाठी आपल्याला मिळत नाही.

विलोंजा : ती फोटो बघत असेल?

रिझिकी : हो.

विलोंजा : बरं. मी खुर्च्या लावतो.

रिझिकी : बाबा, इथे सगळं उलटं आहे. तिथे नाव गेलं की पीठ जायचं. इथे नसलेल्या माणसाचं नाव राहिलं की घर जातं. म्हणून उद्या तिने विचारलं की तीन वाक्यं. "मी एकटा राहतो. माझ्या बायको-मुलींना इथे आणायची केस चालू आहे. त्या येईपर्यंत मला याच घरात राहू द्या, हा माझा अर्ज." अर्ज मी लिहिलाय, तो हातात द्यायचा. आणि तिची सही घेतलेली प्रत आपल्याकडे ठेवायची.

आसुकुलु : आणि नाही म्हणाले तर?

रिझिकी : तर नदीपलीकडच्या इमारतीत एक खोली देतील. रस्त्यावर नाही काढणार.

आसुकुलु : तिथे आपलं कोण आहे?

रिझिकी : कुणी नाही.

आसुकुलु : आणि केसच्या फाइलीत याच घराचा पत्ता आहे. उद्या इथली नावं गेली आणि केसवाल्या साहेबाने विचारलं, आसुकुलुकडे या बायकांना जागा आहे का, तर?

रिझिकी : ती दोन वेगळी ऑफिसं आहेत. एकमेकांशी बोलत नाहीत.

आसुकुलु : नक्की?

रिझिकी : बहुतेक.

आसुकुलु : बहुतेक.

रिझिकी : बाबा, मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. म्हणा. "मी एकटा राहतो."

आसुकुलु : दुसरं वाक्य म्हणतो. तिसरंही म्हणतो. पहिलं सोडून देऊ.

रिझिकी : पहिल्याशिवाय बाकीच्यांना अर्थ नाही.

आसुकुलु : "मी..." नाही. पोरी, आमच्या गावात हे वाक्य कोण म्हणायचं, माहीत आहे? ज्याला सगळ्यांनी टाकलं तो. एक होता असा, तळ्याच्या बाजूला. त्याच्या दारावरून जाताना पोरं पळत सुटायची.

रिझिकी : इथे अर्धं गाव एकटं राहतं. कुणी पळत नाही.

आसुकुलु : कुणी दारावरून जातच नाही, पळणार कोण?

विलोंजा : हे मात्र खरं. मी येतो तेवढाच. तोही रविवारी.

आसुकुलु : तू येतोस आणि फोनवर बोलत बसतोस.

रिझिकी : मी म्हणून दाखवते. मी एकटी राहते. झालं काय? छत पडलं नाही.

विलोंजा : ताई, तुझी गोष्ट वेगळी. चार्ल्स टेक्सासहून परत येणार होता ना?

रिझिकी : येणार होता. करार नवा करायची वेळ आली तेव्हा त्याच बाईने मला विचारलं. मी म्हटलं, नवऱ्याचं नाव काढा.

आसुकुलु : म्हणताना त्रास झाला?

रिझिकी : तिने पाण्याचा ग्लास पुढे केला. म्हणजे चेहऱ्यावर दिसलं असेल.

आसुकुलु : आणि मग?

रिझिकी : मग काय. नाव गेलं.

आसुकुलु : आणि चार्ल्स?

रिझिकी : तिकडेच राहिला.

आसुकुलु : बघ.

विलोंजा : बाबा, तसं नसतं हो. नाव काढलं म्हणून तो तिकडे राहिला, असं नाही. तो तिकडे ट्रक चालवतो, त्याला तिकडे—

रिझिकी : विलोंजा, खुर्च्या.

विलोंजा : लावल्या.

रिझिकी : मग परत काढ आणि परत लाव.

आसुकुलु : रागावू नकोस, पोरी. मी तुझ्यावर बोट ठेवलं नाही. मागच्या रविवारी छावणीतून फोन लागला होता. मध्येच तुटत होता. सीफा विचारत होती, बाबा, माझी खोली कुठली? मी म्हटलं, मधली, खिडकीवाली. तिने आईला ओरडून सांगितलं, मला खिडकी आहे! वाऱ्याचं मी काही बोललो नाही. आता तिला काय सांगू? तुझी खोली होती?

रिझिकी : तिला काहीच सांगू नका. उद्या बाईला सांगा. खरं आपण सांगितलं तर अर्जाला वजन येतं. त्यांनी शोधून काढलं तर अर्ज कुणी वाचणारही नाही. माझ्याकडे एवढाच रस्ता आहे. दुसरा असता तर मी दाखवला नसता का?

आसुकुलु : दाखवला असतास.

रिझिकी : उद्या मला वर्ग आहे. मला येता येणार नाही.

आसुकुलु : नको येऊस. तू आलीस तर मी तुझ्याकडेच बघत राहीन.

विलोंजा : वरचे दिवे घालवायला लागले. चला, बाबा. गाडीत म्हणून बघू. मी बाई होतो. बाई म्हणून मी छान दिसतो.

आसुकुलु : तू मुलगाच बरा होतास.

•

रिझिकी : हॅलो, बाबा? अकरा वाजून गेले. मी वर्गाबाहेर उभी आहे. आली होती?

आसुकुलु : आली. गेली.

रिझिकी : ओळखपत्र विचारलंत?

आसुकुलु : विचारलं. तिने दाखवलं. मग चहा विचारला. नको म्हणाली. आईचं नाही विचारलं.

रिझिकी : शाबास. खिडकी?

आसुकुलु : लिहून घेतली. फोटो काढला. फटीपाशी हात धरून वारा बघितला.

रिझिकी : आणि शेवटचा प्रश्न?

आसुकुलु : तो तिने विचारलाच नाही.

रिझिकी : विचारला नाही?

आसुकुलु : तिन्ही खोल्यांत फिरली. पलंगांवरच्या चादरी बघितल्या. मौवाच्या उशीवर नुसता हात ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, तुम्ही कुठे झोपता? हा प्रश्न आपण केला नव्हता, पोरी.

रिझिकी : नाही. हा नव्हता केला. मग?

आसुकुलु : खरं ते सांगितलं. स्वयंपाकघरात. चटई दाखवली.

रिझिकी : स्वयंपाकघरात? खाली? बाबा, तीन खोल्यांचं घर आहे!

आसुकुलु : पलंग त्यांचे आहेत. आणि दार वाजलं तर तिथूनच लगेच ऐकू येतं.

रिझिकी : हे केव्हापासून?

आसुकुलु : आल्यापासून. तुला ठाऊक नव्हतं?

रिझिकी : नव्हतं. ती काय म्हणाली?

आसुकुलु : चटईकडे बघत राहिली. मी अर्ज दिला. प्रतीवर सही घेतली, तू सांगितलंस तशी. मग मी पहिलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं. तर म्हणाली, असू दे, मला समजलं.

रिझिकी : काय समजलं?

आसुकुलु : ते नाही सांगितलं. ऑफिस पत्राने कळवील म्हणाली.

रिझिकी : आणि नावं? तिच्या हातात यादी असेल. नावं खोडली तिने?

आसुकुलु : जाताना दारात थांबली आणि कागद लावलेली पाटी छातीशी धरून पेन चालवलं. लिहीत होती की खोडत होती, ते मी उभा होतो तिथून दिसलं नाही.