पाचवीची जागा

मुद्दामच हरले, बरोबर पाहिलंस तू. आता पाहिलंच आहेस तर बस, चहा पी, पण माझ्या पडद्याकडे वाकू नकोस. का हरले म्हणजे? अगं, या ऑनलाइन खेळात पाच-पाच जणांचे संघ कोण जुळवतं? यंत्र! लग्नं जुळवणाऱ्या बाईसारखं — तोलामोलाची माणसं बघतं. जिंकलीस की वरच्यांत, हरलीस की खालच्यांत. आणि चौघं मित्र मिळून आले, पाचवा नसला, तर त्यांच्या तोलाचा एखादा एकटा जीव त्यांच्या पदरात टाकतं. तो एकटा जीव मी. पुरुषाचं नाव घेऊन बसते, तोंडातून अक्षर काढत नाही.

ते चौघं कोण? मुहन्नद आणि त्याचे दोस्त. इथेच, इर्बिदमध्ये, माझ्या मामाच्या याच गेमच्या दुकानात खेळायला शिकले! पाचवी मी — किल्ल्याचं दार राखायचे. आणि अम्मानच्या स्पर्धेला जायची वेळ आली तेव्हा मुहन्नद म्हणतो कसा, 'रुदैना, मुलीला सोबत कुठे घेऊन फिरणार? लोक काय म्हणतील?' माझ्या जागी स्वतःचा आतेभाऊ नेला! तो आता जर्मनीला गेला — बरं झालं! — जागा रिकामी पडली, आणि मी टपून बसले.

काल पडले एकदाची त्यांच्या पदरात. आधी नीट खेळले — नीट कसलं, जीव ओतून. कानात मुहन्नदचा आवाज, 'वा रे भावा! आमच्यात एक पोरगी होती, ती असंच दार राखायची. तिच्यानंतर तूच.' काय वाटलं? काय वाटायचंय! हात थांबला जरा, एवढंच. मग शत्रू दाराशी आला आणि मी सरळ निघून गेले. दार सताड उघडं! काय शिव्या हासडल्या त्याने — मी दार सोडलं, पण कानावरचा हेडफोन काढला नाही. हसू नकोस!

आता काल ते चौघं हरले म्हणजे घसरले ना खाली? मग मलाही घसरायला नको? नाहीतर यंत्र आमची गाठ घालेल कशी? म्हणून नाव बदलून सकाळपासून हरतेय. वर जाता येतं गं मला — वरच्या एका संघाने बोलावलं होतं, मीच नाही म्हणाले. मी वर गेले तर त्याला बुडवणार कोण?

कधीपर्यंत म्हणजे? हे काय विचारणं झालं? तो जोवर — थांब. सापडले! चौघंही आहेत. ऊठ, ऊठ इथून, तो पेला घेऊन तिकडे जा. जा म्हणते ना! आणि एक शब्द बोलू नकोस — श्श्! बोलतोय तो.