नमुना बागेतली मडकी

— न्हाय न्हाय साहेब, ते झाकण राहू द्या, सगळी सारखीच हायत — इकडं पाटीपाशी या, सावली हाय. तुमी बागांचे नंबर काढाय आलाय न्हवं? चेअरमनसाहेब येतीलच, तवर म्या सांगते की. म्या द्वारकाबाई, इथली माळीण, सोसायटीनं ठिवल्याली. ही कमी पाण्याची नमुना बाग. बहात्तरच्या दुष्काळात आमी खडी फोडत होतो, तवा कुण्या मोठ्या साहेबाच्या मनात आलं — थोड्या पाण्यावर झाड कसं जगतंय ते लोकास्नी दावावं. मंजुरी कवा आली? पाऊस पडल्यावर, तीन वर्सांनी! पर आली. मडकं मानंपतोर मातीत पुरायचं, बाजूला रोप लावायचं, मडकं भरून वर झाकण ठिवायचं. पाणी पाझरतंय, मूळ आपलं आपून पितंय. हप्त्याला एकदा भरलं की झालं. शेवगा लावला, सीताफळ लावलं — अन् आलं साहेब, खोटं कशाला बोलू! पार ईट गावापासनं बाया बघाय यायच्या.

मग काय झालं? मग मुंबईचे पाव्हणे यायचं ठरलं. चेअरमनसाहेब म्हणले, "द्वारकाबाई, शेवगा बघाय मुंबईहून कोण येतंय का?" — उपटलं सगळं. पुण्याहून हे गुलाब आले, हे गवात आलं. गवताला मडक्यावर भागतंय व्हय? न्हाय भागत. मग टँकर. हप्त्यात तीन. कमी पाण्याची बाग — पर पाणी कवा कमी पडू दिलं न्हाय बघा!

टँकर कुठला? ... आता इचारलंच तुमी. आमच्या वस्तीचा, भीमनगरचाच. आधी इथं यायचा, उरलं तर तिकडं. गेल्या चैतात म्या अशी नळी धरून उभी, अन् फाटकात जाईबाई, माझी शेजारीण. काखंत लेकरू, त्याचं व्हट फुटल्यालं. वरडली न्हाय, शिवी दिली न्हाय. म्हणली, "अक्का, गवताचं झालं की सांग. आमी थांबतो." बस, एवढंच. शिवी दिली असती तर म्या बी दोन दिल्या असत्या, मोकळी झाले असते. नळी टाकावी तर रोजगार जातोय. टाकली? न्हाय टाकली. खरं सांगते साहेब, गवात भिजंपतोर धरून उभी ऱ्हायले.

पर दुसऱ्या दिशी घरला निघताना एक मडकं उकरलं अन् डोईवर घेतलं. बाईच्या डोईवर मडकं — कोण इचारतंय? पाणी आणाय निघाली असंच दिसतंय की! रोज एक. पयलं जाईबाईच्या दारात पुरलं. मग तिनं आपूनहून भांडी घासल्यालं पाणी फडक्यातनं गाळून आणलं. दोडका लावला. आता भीमनगरात जाल तर दारोदार मांडव हाय — दोडका, वाल, भोपळा. यंदा जाईबाईच्या लेकराच्या ताटात कालवण हाय. इथलं म्हणता? गुलाबाला काय, नळीनंच पाजायचं, खाली मडकं असलं काय अन् नसलं —

अगं बया! उचललंच का झाकण? ... व्हय. नुसती माती हाय. साठ मडकी होती, ऱ्हायली चार. ती पाटीजवळची, पाव्हण्यास्नी दावायची. चोरी म्हणा, घ्या लिहून. द्वारकाबाई, माळीण, भीमनगर. ... न्हाय लिहीत? मग वही का मिटली?

काय? भीमनगर बघाय येता? नगं साहेब, पाया पडते. आज तुमी बघणार, उद्या मंडप घालणार, परवा मुंबईचे पाव्हणे येणार, अन् तेरवा कुणीतरी म्हणणार — दोडका बरा दिसत न्हाय, उपटा. चेअरमनसाहेबांची जीप आली बघा, व्हा म्होरं. पयला नंबर ह्याच बागंला द्या — एकदा नंबर दिला की पाच वर्सं पुन्यांदा तपासणी नसती — म्हंजे तवर कुणाची नजर आमच्या भीमनगराकडं वळायची न्हाय. जावा, जावा... तुमी इचारलं न्हाय, म्या काय बोलले न्हाय.